गुरुनाथकाकांच्या राइडचा घटनात्मक प्रश्न

अमेरिकेतल्या आमच्या बृहन्मिलस्टोन मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑगस्टमधल्या एका सकाळी पुढील मजकूर आला. मंडळाचा परराष्ट्रमंत्री या नात्याने तो जसाच्या तसा सांगणं मी माझं कर्तव्य समजतो. 'नमस्कार. मी गुरुनाथ. हल्ली गाडी चालवत नाही. गणपतीच्या रविवारी मला कोणी हॉलवर घेऊन जाईल का? अंजनाने शिवलेला शेला बाप्पाच्या खांद्यावर घालायचा आहे.'

मजकूर वरवर पाहता निरुपद्रवी होता. गुरुनाथकाका आमच्या मंडळाचे संस्थापक आणि पहिले अध्यक्ष. वय ऐंशीच्या पुढे. प्रिन्स्टन जंक्शनच्या स्टेशनमागे ज्येष्ठांच्या अपार्टमेंट्स आहेत, तिथे राहतात. अंजनाकाकू फेब्रुवारीत गेल्या. मंडळ सुरू झाल्यापासून दर वर्षी बाप्पाचा शेला त्याच शिवायच्या, आणि शेवटच्या शेल्याची झालर त्यांनी हॉस्पिटलच्या पलंगावर बसून लावली होती. काकांनी नजर अधू झाल्यावर लायसन्स परत केलं होतं आणि काकू त्यांना सगळीकडे न्यायच्या. आता काकू नव्हत्या. हॉल गाडीने दहा मिनिटांवर, पण पायी जायचं तर मध्ये रूट वन हा हायवे आडवा येतो, आणि तो पायी ओलांडलेला मनुष्य वेस्ट विंडसरमध्ये अजून कोणी पाहिलेला नाही.

मजकुरावर प्रतिक्रिया भरघोस आल्या. हात जोडलेले आले, बदाम आले, काकूंच्या उल्लेखामुळे रडके चेहरेही आले. एकाने 'काका, यू आर अवर इन्स्पिरेशन' असं लिहिलं. 'मी आणतो' असं मात्र कोणी लिहिलं नाही, कारण तसं कोणीतरी लिहीलच याबद्दल सगळ्यांची खात्री होती. मी स्वतः लिहायला घेतलं होतं. 'आण' एवढं टाइप झालं आणि फोन वाजला.

"गिरीश, थांब!" अध्यक्ष विक्रमराव ओरडले. "सेंड केलंस का?"

"नाही. का हो?"

"देवाची कृपा. अरे, पायंडा पडेल!"

इथे थोडा खुलासा केला पाहिजे. हे वर्ष देशाच्या अडीचशेव्या वाढदिवसाचं. विक्रमराव औषध कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून रिटायर झालेले, घरी कोणी ऐकून घेत नाही, त्यामुळे ते एप्रिलमध्ये बसच्या टूरने फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टनचं घर माउंट व्हर्नन बघून आले. परत आले ते बदलूनच. हा देश मोठा का झाला, तर त्याच्या सुरुवातीच्या अध्यक्षांनी एकही गोष्ट सहज म्हणून केली नाही, असा त्यांचा सिद्धान्त होता. वॉशिंग्टनला ठाऊक होतं की आपण जे करू त्याचा पायंडा पडणार. राज्यघटनेत मंत्रिमंडळ हा शब्द नव्हता, त्याने माणसं जमवली आणि मंत्रिमंडळ झालं. "आणि आपण?" विक्रमराव म्हणाले. "आपण पन्नास वर्षं नुसते बटाटेवडे तळतोय!"

हे सगळ्यांना लागलं. जूनमध्ये मंडळाची घटना मंजूर झाली. ती इंग्रजीत होती, कारण मराठीत लिहिली असती तर आमच्या मुलांना कळली नसती, आणि इंग्रजीत लिहिल्यामुळे त्यांनी ती वाचली नाही. अध्यक्षांना हाक काय मारायची, यावर पहिल्या तीन बैठका गेल्या. वॉशिंग्टनच्या वेळी सिनेटच्या समितीने 'महामहिम, अमेरिकेचे अध्यक्ष आणि त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षणकर्ते' अशी काहीतरी उपाधी काढली होती आणि शेवटी साधं 'मिस्टर प्रेसिडेंट' ठरलं होतं. विक्रमरावांनीही मोठ्या मनाने साधेपणा पत्करला. त्यांच्या पत्नी अनयाकाकूंना घरात 'अहो' म्हणायची मुभा ठरावाने देण्यात आली. त्या म्हणाल्या, "मी 'अहो' म्हणायचं केव्हाच सोडलंय," पण ते इतिवृत्तात घेतलं नाही.

मग खाती वाटली. मी परराष्ट्रमंत्री, म्हणजे एडिसन, फिलाडेल्फिया इथल्या मंडळांशी संबंध. मिहीर अर्थमंत्री. राज युद्धमंत्री, म्हणजे स्वयंसेवक आणि पार्किंग. चारुता इन्शुरन्स कंपनीत कम्प्लायन्स बघते, ती सरन्यायाधीश. अशी सगळी व्यवस्था चोख लागली होती, फक्त कोणतंच संकट येत नव्हतं. ते गुरुनाथकाकांच्या मेसेजच्या रूपाने आलं.

"आज एका काकांना आणलं," विक्रमराव फोनवर समजावत होते, "की उद्या सगळे काका. परवा मावश्या. आणि तू आणलंस तर कोणत्या नात्याने आणलंस? नागरिक म्हणून की परराष्ट्रमंत्री म्हणून? काकांचं अपार्टमेंट त्यांच्या असोसिएशनच्या हद्दीत येतं. उद्या तिथे काही झालं तर?"

मी 'आण' खोडून टाकलं. नीला शेजारीच कॉफी घेत होती. नीला म्हणजे माझी बायको.

"काय खोडलंस?" तिने विचारलं.

"राष्ट्रहिताचं काहीतरी."

"अरे, काकांना आणायचंय ना? जाता जाता वाटेत तर आहेत. हॉर्न दिला की खाली येतील."

बायकांना शासनव्यवस्था कळत नाही असं मी म्हणणार नाही. नीला बँकेत व्हाइस प्रेसिडेंट आहे. पण व्हाइस प्रेसिडेंट या पदाला पहिल्यापासूनच फारसं काम नसतं, हे मी तिला इतिहासाच्या आधारे सांगितलं. त्यानंतर आमच्यात दोन दिवस बोलणं झालं नाही.

शनिवारी विक्रमरावांच्या बेसमेंटमध्ये मंत्रिमंडळ बसलं. मिहीरने पहिलाच मुद्दा जबरदस्त मांडला. मंडळाचं काम गणपती साजरा करणं. साजरा करायचा तर माणसं यायला हवीत. माणसं यायची तर त्यांना आणायला हवं. तेव्हा आणण्याचा अधिकार घटनेत लिहिलेला नसला तरी गर्भित आहे, आणि म्हणून मंडळाने ताबडतोब एक मध्यवर्ती वाहतूक बँक स्थापन करावी. सदस्यांनी आपापल्या मोकळ्या सीटा बँकेत जमा कराव्यात. वॉशिंग्टनच्या अर्थमंत्र्याने, हॅमिल्टनने, असंच केलं होतं.

"आणि काका?" मी विचारलं.

"काका हे पहिले लाभार्थी. बँक उभी राहिली की."

"केव्हा उभी राहील?"

"पुढच्या गणपतीपर्यंत नक्की."

माझं मत निराळं पडलं. मी जेफरसनच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या परराष्ट्रमंत्र्याच्या, बाजूचा. घटनेत गाडी हा शब्द नाही, सीट नाही, आणणं नाही. जे लिहिलेलं नाही ते सदस्यांकडे राहतं. म्हणजेच काकांना आणण्याचा संपूर्ण, अबाधित आणि पवित्र अधिकार प्रत्येक सदस्याकडे आहे, आणि मंडळाने त्यात तसूभरही ढवळाढवळ करू नये. हे बोलताना माझा आवाज भरून आला होता. मिहीर म्हणाला, "मग तू आण." मी म्हणालो, "मी मंत्री आहे, मिहीर. मी आणलं तर मंडळानेच आणल्यासारखं होईल."

अशा रीतीने मंडळात दोन पक्ष झाले. पुढच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे आणून जेवायच्या कार्यक्रमाला, बँकवाल्यांची टेबलं वेगळी लागली आणि हक्कवाल्यांची वेगळी. श्रीखंड त्यांच्याकडे आणि पुऱ्या आमच्याकडे राहिल्यामुळे दोन्हीकडे हाल झाले. विक्रमराव मधल्या खुर्चीवर उभे राहिले आणि पक्षभेदाने देशाचा नाश होतो, अशी वॉशिंग्टनने जाता जाता दिलेली ताकीद त्यांनी वाचून दाखवली. दोन्ही टेबलांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, कारण ती ताकीद समोरच्या टेबलाला होती.

काकांचे मेसेज अधूनमधून येतच होते. 'बाळांनो, घाई नाही.' 'मी केव्हाही तयार आहे, लवकर निघायचं असलं तरी चालेल.' 'मागच्या सीटवरही बसेन.' एकदा त्यांनी शेल्याचा फोटो टाकला. आंबा रंगाचा, काठाला बारीक मोत्यांची झालर. त्या फोटोला मंडळाच्या इतिहासात सर्वांत जास्त बदाम मिळाले. एडिसनच्या मंडळाला मी तो मुद्दाम पाठवला.

शेवटी नीलाचा तोल गेला. तिने ग्रुपवर लिहिलं, 'लाज कशी वाटत नाही तुम्हाला? एका म्हाताऱ्या माणसाला दहा मिनिटांचं अंतर आणायला बैठका? अरे, काकांना आणायचंय, लुइझियाना नाही!'

विक्रमरावांचा फोन लगेच आला. "गिरीश, हे प्रकरण गंभीर आहे. दुसरे अध्यक्ष ॲडम्स यांच्या काळात सरकारवर खोटं, खोडसाळ आणि बदनामीकारक लिहिणाऱ्यांसाठी कायदा केला होता. राजद्रोहाचा."

"पण मिस्टर प्रेसिडेंट, तो कायदा पुढे संपला ना? आणि त्याच्यावर टीकाही झाली."

"टीका आपल्याकडेही होऊ दे. आधी कायदा होऊ दे."

ग्रुपची व्यवस्था परराष्ट्र खात्याकडे होती. त्यामुळे नीलाला काढण्याचा अप्रिय निर्णय मला अमलात आणावा लागला. आम्ही तेव्हा एकाच सोफ्यावर बसलो होतो. तिचा फोन टिंग झाला.

"मला काढलंस?" तिने विचारलं.

"मी नाही. खात्याने."

"बरं. मग आजपासून जेवणही खात्याकडूनच घे."

नीलाने केलेला लुइझियानाचा उल्लेख मात्र मंडळाला महाग पडला, कारण तो विक्रमरावांच्या डोक्यात बसला. पुढच्या आठवड्यात एका बंद पडलेल्या डे-केअरचा लिलाव झाला आणि विक्रमराव तिथून पंधरा सीटांची पिवळी व्हॅन घेऊन आले. कोणालाही न विचारता. घटनेत खरेदीची तरतूद नव्हती. मी घटनेचा काटेकोर अर्थ लावणारा माणूस, साहजिकच हरकत घेतली.

"जेफरसन कोण होता?" विक्रमरावांनी मला विचारलं. "तुझ्यासारखाच काटेकोर. लुइझियानाचा अख्खा प्रांत विकत घेताना त्यालाही वाटलं, घटनेत कुठे लिहिलंय? पण संधी आली, घेतलाच ना? देश दुप्पट झाला. आपलं मंडळ आता पंधरा सीटांनी मोठं झालंय, गिरीश."

जेफरसननेच घेतलं म्हटल्यावर मी हरकत मागे घेतली. व्हॅनवर मंडळाचं नाव आणि गरुडाच्या पंजात मोदक अशी मुद्रा रंगवून घेतली. तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले. ते बघून काकांनी लिहिलं, 'वा! फार छान गाडी. मी पुढे बसू की मागे?'

दुर्दैवाने प्रश्न आता जास्तच अवघड झाला होता. व्हॅन ही मंडळाची मालमत्ता, म्हणजे अर्थखातं. चालवणारा स्वयंसेवक, म्हणजे युद्धखातं. राजने ठणकावून सांगितलं की स्वयंसेवक हे सैन्य आहे आणि नागरी वस्तीत सैन्य फिरवायचं तर काँग्रेसची, म्हणजे आमच्या सर्वसाधारण सभेची, मंजुरी पाहिजे. सर्वसाधारण सभा बोलावली. गणसंख्या वडे संपेपर्यंत पुरी होती, पण ठराव वड्यांनंतर ठेवला होता. व्हॅन विक्रमरावांच्या ड्राइव्हवेमध्येच राहिली. अनयाकाकू रोज भेटेल त्याला सांगायच्या, "ते धूड माझ्या टोमॅटोंचं ऊन खातंय."

या टप्प्यावर उपासनाने अर्ज केला. उपासना नागपूरची, इथल्या एका लॅबमध्ये आकडेशास्त्राचं काम करते, मंडळात नवीन. घरात तीन पिढ्या चौदा एप्रिल साजरा करणाऱ्या, त्यामुळे घटना हा विषय तिच्यासमोर काढताना विक्रमराव थोडे सावध असत. ती सरळ चारुताच्या कोर्टात उभी राहिली. कोर्ट म्हणजे चारुताचं डायनिंग टेबल.

"मला एवढंच कळत नाही," उपासना म्हणाली, "घटना कशासाठी असते? ज्याच्याकडे कोणी बघत नाही, त्याच्यासाठीच ना? आमच्याकडे लहानपणापासून तेच शिकवलं. तुम्ही तर ती म्हाताऱ्याच्या दारात आडवी घातलीये. मी त्या रविवारी ऑफिसच्या कामासाठी प्लेनोला आहे, नाहीतर तुम्हाला विचारलंही नसतं. फ्लाइट बदलायचाही प्रयत्न केला. कोर्टाने कोणालातरी ऑर्डर द्यावी, काकांना आणा म्हणून. संपलं."

चारुताने निकाल राखून ठेवला आणि पुढच्या शनिवारी दिला. तो निकाल आमच्या मंडळाच्या न्यायव्यवस्थेचा पाया आहे. गुरुनाथकाकांना राइड मिळण्याचा हक्क आहे, असा निर्वाळा कोर्टाने दिला. त्यांना ती नाकारणं हा अन्याय आहे, असंही कोर्ट म्हणालं. मात्र ती राइड द्यायला लावण्याचा अधिकार ज्या कलमाने कोर्टाला मिळतो, ते कलमच घटनाबाह्य आहे, असं कोर्टाच्या लक्षात आलं. तेव्हा अर्ज फेटाळण्यात येत आहे. शिवाय घटनापीठाचा सविस्तर निकाल येईपर्यंत कोणत्याही पदाधिकाऱ्याने काकांना परस्पर गाडीत घेऊ नये, परिस्थिती जैसे थे ठेवावी.

"अठराशे तीन साली इथल्या सुप्रीम कोर्टात अगदी असंच झालं होतं," चारुता निकालानंतर खुशीत म्हणाली. "माणसाला काही मिळालं नाही, पण कोर्टाला केवढं बळ मिळालं!"

उपासनाने पर्स उचलली. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही ग्रेट आहात. खरंच ग्रेट आहात." चारुताने आभार मानले.

काकांना निकाल कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. मी फोन केला आणि त्यांचा हक्क मान्य झाल्याबद्दल अभिनंदन केलं. काका खूप आनंदले. "अरे वा! मग किती वाजता तयार राहू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "तयार राहायला हरकत नाही, काका."

गणपतीचा रविवार उजाडला. पंचांगात चतुर्थी कोणत्याही वारी असो, आमचा बाप्पा वीकेंडलाच बसतो. हा पायंडा मंडळाचा सर्वांत जुना. नीला मोदक वाफवायला सकाळीच हॉलवर गेली होती. तिथून तिने मला फोन केला. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

"गिरीश, ऐक. तुझं कोर्ट, तुझं खातं, सगळं गेलं खड्ड्यात. येताना काकांना घेऊन ये. माझे हात उकडीत आहेत, नाहीतर मीच गेले असते. तू त्यांच्या फाटकावरूनच येणार आहेस. आणशील ना?"

"बघतो," मी म्हणालो.

"बघू नकोस रे. आण."

माझ्या गाडीत त्या दिवशी घटना होती. म्हणजे घटनेची मोठी प्रत जाड फोमबोर्डावर छापून सोनेरी फ्रेममध्ये बसवली होती, ती मंचावर लावायची होती. ती मी मागच्या सीटवर उभी ठेवली आणि हलू नये म्हणून तिला बेल्ट लावला. पुढची सीट मोकळी होती.

काका फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते. कडक इस्त्रीचा झब्बा, वर नेहमीचं करडं जाकीट, छातीशी कापडी पिशवी धरलेली. तिथला सिग्नल नेमका लाल झाला आणि माझी गाडी त्यांच्या पुढ्यातच थांबली. काच खाली करणं भाग होतं.

"गिरीश! आलास होय रे!" काकांचा चेहरा फुलला. त्यांनी दाराच्या कडीकडे हात नेला.

"काका, हो. म्हणजे नाही. तसा आलो नाहीये. तुमचा विषय अजून कोर्टात आहे ना, घटनापीठापुढे."

"अच्छा, अच्छा." त्यांनी हात मागे घेतला. मग वाकून आत बघितलं. "मागे कोण बसलंय?"

"घटना."

"आपली? केवढी मोठी झाली रे!" काका कौतुकाने म्हणाले. "बेल्ट लावलायस ना तिला?"

"लावलाय."

"मग ठीक. तू हो पुढे. मी इथेच थांबतो, कोणी ना कोणी येईलच."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी काकांना हात केला, त्यांनीही पिशवी सावरत मला हात केला. आरशात ते बराच वेळ दिसत होते. मला वाईट वाटलं नाही असं नाही. पण पदावरच्या माणसाला तसं वाटून चालत नाही.

हॉलवर सोहळा देखणा झाला. घटना मंचावर लागली. अध्यक्षांचं भाषण झालं. त्यात वॉशिंग्टनप्रमाणेच त्यांनी आपण तिसऱ्यांदा उभं राहणार नाही असं जाहीर केलं, जरी त्यांची पहिलीच मुदत चालू होती. मग संस्थापकांचा सत्कार. मंचावर मधोमध एक रिकामी खुर्ची ठेवली होती. गुरुनाथकाकांच्या कार्याचा गौरव करून त्या खुर्चीच्या पाठीवर शाल घातली, सीटवर नारळ ठेवला आणि सर्वांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. बाप्पाचे खांदे मात्र उघडे होते.

टाळ्या थांबल्यावर नीला स्वयंपाकघराच्या दारात आली. "काका कुठे आहेत?"

"फाटकापाशी," मी म्हणालो.

"तू बघितलंस त्यांना?"

"बोललोसुद्धा. मजेत आहेत."

तिने हातातलं मोदकांचं ताट समोरच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच नजर वळवली. "तू त्यांना तिथेच सोडून आलास? गाडीत जागा असताना?" ती म्हणाली. "मला तुझी शरम वाटते, गिरीश." आणि उकडीच्या हातांनीच किल्ली उचलून ती गेली.

ती फाटकाशी पोहोचली तेव्हा तिथे कोणी नव्हतं. इकडे आमच्या ग्रुपवर काकांचा फोटो आला. एका भल्यामोठ्या गणपतीपुढे काका उभे होते, आणि त्या गणपतीच्या खांद्यावर आंबा रंगाचा, मोत्यांच्या झालरीचा शेला होता. खाली लिहिलं होतं, 'पोहोचलो. दर्शन झालं. इथला पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, फार छान आहे.'

तो आमचा गणपती नव्हता. पलीकडच्या शाळेत तेलुगू मंडळींचा गणपती असतो, तो होता.

विक्रमरावांनी तिथल्या तिथे मंचामागे आणीबाणीची बैठक घेतली. ते रागाने लाल झाले होते. "अध्यक्ष मन्रोने युरोपला बजावलं होतं, आमच्या गोलार्धात हात घालाल तर ते आमच्याशी वैर समजू! आपल्या संस्थापकाला परकी सत्ता उचलून नेते आणि आपण बघत बसायचं?" युद्धमंत्र्यांनी स्वयंसेवक सज्ज केले. अर्थमंत्र्यांनी व्हॅन मोकळी केली. काँग्रेसची मंजुरी नंतर घेता येईल, असं सरन्यायाधीशांनी तोंडी सांगितलं. काही मिनिटांत अख्खं मंत्रिमंडळ पिवळ्या व्हॅनमध्ये बसून निघालं. व्हॅन उत्तम चालत होती.

तेलुगू हॉलच्या दारात एक धिप्पाड गृहस्थ उभे होते. विक्रमरावांनी निषेध सुरू करण्याआधीच त्यांनी आमच्या हातात पानं दिली. "पहिले खाना, अंकल. बातें बाद में." नकार देणं राजशिष्टाचाराला सोडून झालं असतं. आम्ही जेवलो. काका एका कोपऱ्यात, लहान मुलांच्या घोळक्यात बसले होते. नीलाने फाटकावरून काकांना फोन करून ठिकाण विचारलं होतं, त्यामुळे ती आमच्याआधीच तिथे पोहोचली होती आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसून डोळे पुसत होती.

"काका," विक्रमराव म्हणाले, "या लोकांनी तुम्हाला कोणत्या अधिकाराने आणलं? यांचा अध्यक्ष कोण? यांच्याकडे घटना आहे?"

"विचारलंच नाही रे," काका म्हणाले. "मी उभा होतो. गाडी थांबली, दार उघडलं. त्या पोराने विचारलं, गणपती? मी म्हटलं, हो. बसलो." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आपलं मंडळ तरी कसं सुरू झालं? माझी स्टेशन वॅगन होती. शनिवारी सगळ्यांना गोळा करायचो आणि अंजना डबा करायची. तुला नाही का विक्रम, बस स्टँडवरून उचललं होतं? बॅग फुटली होती तुझी, पायजमे रस्त्यावर पडले होते. तेव्हा तू तरी मला कुठे विचारलंस, कोणत्या अधिकाराने?"

विक्रमरावांच्या पानात अजून पुलिहोरा होता, त्याच्याकडे ते बघत राहिले.

"आणि शेला, काका?" मी विचारलं. "तो आपल्या बाप्पाचा होता."

"बाप्पाचाच होता. बाप्पालाच घातला," काका म्हणाले. मग त्यांनी रिकाम्या पिशवीची मांडीवर घडी केली. "तुमच्याकडे घालायचा होता रे मला. अंजनाने तुमच्यासाठी शिवला होता. पण किती वेळ उभा राहू? पाय दुखायला लागले."

निघायची वेळ झाली. पंधरा सीटांची व्हॅन दारात उभी होती. काका उठले, आमच्याकडे बघितलं, आणि मला सांगायला अभिमान वाटतो की आमच्यापैकी एकानेही घटनेचा भंग केला नाही. काकांना आणण्याचा विषय कोर्टात होता. त्यांना घरी सोडण्याचा तर अजून कोणी मांडलेलाच नव्हता. नीलाने त्यांचा हात धरला आणि आपल्या गाडीत बसवून नेलं. तिला आधीच ग्रुपमधून काढलेलं असल्यामुळे तिच्यावर कारवाई करता आली नाही.

आता हे वाचून तुम्ही हसत असाल. जरूर हसा. पण मध्येच फोन टिंग झाला असेल तर तोही बघून घ्या. तुमच्याही ग्रुपवर कोणीतरी काका, कोणीतरी मावशी 'मला कोणी नेईल का' असं विचारून बसलेलं असेल, आणि त्याखाली तुमचेही हात जोडलेले असतील. आम्ही गुरुनाथकाकांना आणलं नाही, त्याला आमच्याकडे निदान घटना होती. तुमच्याकडे काय आहे?